राखेचं वर्तुळ

सात नंबरच्या पोत्याला कसर लागत नाही, हे पहिल्यांदा गालिना पेत्रोव्नांच्या लक्षात आलं.

बिश्केकमधल्या त्या संशोधन संस्थेच्या तळघरात वाळलेल्या वनस्पतींची पोती रचलेली असायची. हिवाळ्यात वरचा पाइप फुटला आणि सगळी खोली भिजली. एप्रिलपर्यंत प्रत्येक पोत्यात काही ना काही झालं होतं. कुठे बुरशीचा पांढरा थर, कुठे बारीक किडे, कुठे नुसताच कुबट गाळ. सात नंबर मात्र जसंच्या तसं. तोंड सोडलं की पुदिना आणि ओवा एकत्र चुरडल्यासारखा डोंगराचा वास भपकन नाकात शिरायचा.

"चांगलंच आहे की," तिथली संशोधिका जिपार म्हणाली. "जंतू मारणारी वनस्पती आहे. तिलाच बुरशी लागली असती तर मला नवल वाटलं असतं."

"तीन आणि चार नंबरमध्येही तीच वनस्पती आहे," गालिना पेत्रोव्ना म्हणाल्या. "त्यांची शेवाळी भाजी झालीय."

जिपार हसली आणि पोतं वरच्या मजल्यावर घेऊन गेली. गालिना पेत्रोव्ना हसल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं त्यांनी जंतू वाढवले होते, मारले होते, काचेच्या ताटल्या उकळून ठेवल्या होत्या. न कळणारी गोष्ट समोर आली की त्या तिच्याकडे शेजारच्या नव्या भाडेकरूकडे बघावं तशा बघत.

वनस्पती काही दुर्मिळ नव्हती. कियिक-ओत, म्हणजे रानबकऱ्यांचं गवत. टेकडीवर गुडघ्याएवढी झुडपं, जुलैत जांभळी फुलं. सर्दी झाली, पोट बिघडलं, बाळंतिणीला थकवा आला, की घरोघरी तिचाच चहा. जिपारची चार वर्षं या एका वनस्पतीत गेली होती. वेगवेगळ्या डोंगरांवरची कियिक-ओत आणायची, तिचा अर्क काढायचा आणि तो जंतूंना किती मारतो, शरीरातल्या पेशींची झीज थांबवणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं त्यात किती आहेत, हे मोजायचं. जंतूंनी भरलेल्या ताटलीत अर्काची चकती ठेवली की चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, तेवढ्या भागात जंतू वाढत नाहीत. इतर ठिकाणच्या अर्कांची वर्तुळं नखाएवढी. सात नंबरचं अक्रोडाएवढं. अँटिऑक्सिडंटच्या चाचणीतही तेच. जांभळं द्रावण पिवळं व्हायला इतरांचे वीस थेंब लागत, सात नंबरचे तीन पुरत.

सात नंबर येत होतं कुंगेयसायहून, जिपारच्या आईच्या गावाहून. पाठवायची बुरुलचा, तिची ताएजे, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर जिपारचं पालनपोषण, शिक्षण, सगळं हिनंच निभावून नेलं होतं. तीन वर्षांपूर्वी पहिलं चांगलं वर्तुळ दिसलं तेव्हा जिपारनं आनंदानं फोन केला होता. "ताएजे, तुमच्या गावची सगळ्यांत भारी निघाली! त्यातही खाणीच्या बाजूची. तिथलीच आणा. दुसरी मिसळू नका." ताएजेनं ते ऐकलं आणि मनावर घेतलं. गावातले पुरुष रशियात मजुरीला गेलेले, खाण बंद होऊन तीस वर्षं झालेली. तिनं चाळीस बायका गोळा केल्या, बंद शाळेच्या वर्गात दोऱ्या बांधल्या, कियिक-ओत वाळवली, पाकिटं भरली. पाकिटावर संस्थेचं नाव नव्हतं, पण जिपारचं होतं: "संशोधिका जिपार यांनी तपासलेली."

जूनच्या सुरुवातीला संस्थेचे संचालक कुबात सापारोविच स्वतः प्रयोगशाळेत आले. हसरा माणूस, कोट नेहमी खांद्यावर टाकलेला.

"जिपार, बाहेरचे लोक येतायत. त्यांना अर्क हवाय. घट्ट, गोळीत भरता येईल असा. आणि हवाय तो फक्त सात नंबरचा. शरद ऋतूतल्या परिषदेत तू बोलणार आहेस. एकच गोष्ट उरलीय, यातलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं ते सांगून टाक."

"महिनाभर द्या."

"महिना तुझा. नंतरचा उन्हाळा माझा," असं म्हणून ते गेले.

जिपारनं पहिल्यांदा तेल वेगळं केलं. कियिक-ओत जंतू मारते ती तेलामुळेच, हे सगळे मानत. पण सात नंबरचं तेल तीन नंबरच्या तेलासारखंच निघालं, तोच वास, तेच वर्तुळ नखाएवढं. मग तेल काढून उरलेला चोथा तिनं तपासला. चोथ्यात दम नसायला हवा. चोथ्यानंच अक्रोडाएवढं वर्तुळ पाडलं. तिनं चोथा स्पिरिटमध्ये धुतला, पाण्यात उकळला, गाळला, पुन्हा धुतला. दर वेळी जे उरायचं, जे आता निर्जीव असायला हवं होतं, ते मारत होतं.

"माझं काहीतरी चुकतंय," ती म्हणाली.

"तुझं काही चुकत नाहीये," गालिना पेत्रोव्ना म्हणाल्या. "जाळ."

"काय?"

"भट्टीत टाक आणि जाळून टाक पोरी. पूर्ण. तेल, रंग, साखर, सगळं जाऊ दे. मग राखेला विचार."

जिपारला हे हास्यास्पद वाटलं. राखेत वनस्पतीचं कुठलंच औषधी द्रव्य शिल्लक राहत नाही. पण तिनं सात, तीन आणि चार नंबर वेगवेगळ्या मुशींत घालून जाळले. राखेचा अल्कधर्मीपणाच जंतूंना मारू नये म्हणून गालिना पेत्रोव्नांनी तो आम्लाने मारून राख तीन-तीनदा धुऊन दिली. मग चिमूट चिमूट राख तीन ताटल्यांत ठेवली आणि ताटल्या उबेत ठेवून दोघी घरी गेल्या.

सकाळी खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. तीन नंबरच्या ताटलीत जंतूंचा पिवळट साका राखेच्या अंगावर चढून गेला होता. चार नंबरमध्येही तसंच. सात नंबरच्या राखेभोवती मात्र काचेसारखं स्वच्छ, गोल वर्तुळ होतं. अक्रोडाहून मोठं.

जिपार ताटली उजेडात धरून उभी राहिली.

"वनस्पती मारत नाहीये," ती हळूच म्हणाली.

"नाही," गालिना पेत्रोव्ना म्हणाल्या. "वनस्पती ज्याच्यात उभी आहे ते मारतंय." आणि त्यांनी हातमोजे काढून, कधी नव्हे ते, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले.

भूगर्भ विभागातला एर्मेक जिपारचा कॉलेजातला मित्र. त्यानं राख आपल्या यंत्रात घातली आणि संध्याकाळच्या आत स्वतः चालत आला. फोनवर सांगायचं नाही म्हणून.

"आर्सेनिक आहे. शिसं आहे," तो म्हणाला. "आणि युरेनियम आहे, जिपार. थोडं नाही. ही झुडपं कुठे उगवलीत?"

"खाणीच्या बाजूला."

"बाजूला नाही. वर. खाणीचा गाळ जिथे पुरला त्याच्या वर." त्यानं खुर्ची ओढली. "आणि तुझी ती अँटिऑक्सिडंट जास्त का, तेही सांगतो. वाईट जमिनीत झाड तगून राहायला धडपडतं. अंगातलं विष झेलायला ती द्रव्यं ते स्वतःसाठी बनवतं. तुझं पिवळं झालेलं पाणी म्हणजे झाडाला ताप आला होता, त्याचा पुरावा."

चार वर्षं जिपार तो ताप मोजत होती आणि जिथे ताप जास्त तिथलीच पानं तोडा म्हणून सांगत होती.

कुबात सापारोविचनी एर्मेकच्या निष्कर्षांचा कागद शांतपणे वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"राखेचा अर्क कोण पितं, जिपार?"

"सर, अर्क घट्ट केला की विषही घट्ट होतं. आणि गावात लोक रोज—"

"एकाच पोत्यावरून? पाइप फुटला होता. भिंतीचा रंग गळून पडला असेल, जुना शिशाचा रंग. नमुन्यांची सरमिसळ झाली असेल. परिषद होऊ दे, मग शांतपणे पुन्हा तपासू." ते हसले. "तू दमलीस. आठ दिवस रजा घे. गावाला जा, चहा पी."

दुसऱ्या दिवशी सात नंबरचं पोतं तळघरातही नव्हतं आणि वरच्या मजल्यावरही नव्हतं. साफसफाईत गेलं, असं सांगण्यात आलं. इतर सगळी कुजकी पोती जागच्या जागी होती. जिपार ती रिकामी जागा बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, संचालकांना भिंतीच्या रंगाची गोष्ट खोटी आहे हे तिच्याइतकंच ठाऊक आहे. ती एर्मेककडे गेली. त्याचं किरणं मोजायचं हातातलं यंत्र पिशवीत घातलं आणि सकाळच्या गाडीनं निघाली.

कुंगेयसायला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. जुलैचा पहिला आठवडा, खुडणी ऐन भरात. गावाच्या वरची उतरण जांभळी झाली होती आणि त्या जांभळ्यात बायकांचे रंगीत रुमाल हलत होते. आजूबाजूच्या टेकड्या पिवळ्या, विरळ. एवढी एकच हिरवीगार, भरगच्च, कुणीतरी खत घालून वाढवल्यासारखी. लहानपणी याच टेकडीला काटेरी तारेचं कुंपण होतं, हे जिपारला आठवलं. आता नुसते खांब होते.

ताएजेनं तिला दारातच कवटाळलं, कपाळाचा मुका घेतला. "आली गं माझी शास्त्रज्ञ! बघ बघ कशी काडी झालीय. त्या शहरात हवा खाऊन जगता की काय?"

शाळेच्या अंगणात जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं होतं. ताजी नान, साय, जर्दाळूचा मुरंबा, आणि भोवती खुडणीवरून उतरलेल्या बायका. भिंतीला टेकून जेझदे ओमोर बसले होते, ताएजेचे यजमान. पंचवीस वर्षं खाणीत गेलेली, आता छातीतून शिट्टी वाजायची, बोलणं जवळपास सुटलेलं. ताएजेची सून मेरीम चहा ओतत होती. तिला सातवा महिना लागला होता. नवरा कादिर रशियात, येकातेरिनबुर्गला इमारतीच्या कामावर.

मेरीमनं रीतीप्रमाणे अर्धाच पियाला भरून जिपारच्या हातात दिला. सोनेरी चहा, वर वाफ, तो ओळखीचा वास. जिपारनं पियाला धरला आणि ओठाला लावला नाही.

"थंड होईल की," मेरीम म्हणाली.

"तू किती पितेस, मेरीम?"

"मी? अहो एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती म्हणाली, "माझं तर पाणीच हे. मळमळ थांबते. आई म्हणतात बाळ गोरंगोमटं होईल." तिनं स्वतःचा पियाला तोंडाला लावला. जिपारनं हात पुढे केला आणि तो तिच्या हातातून काढून घेतला. चहा दस्तरखानावर सांडला.

चहा नाकारणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातचा काढून घेणं वेगळं.

"काय झालं गं तुला?" ताएजेनं विचारलं. आवाजात अजून माया होती, पण कमी.

जिपारनं सांगितलं. ताटली, राख, वर्तुळ, एर्मेकचं यंत्र. सांगताना तिच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेत जे शब्द वजनदार वाटत होते ते इथे, सायीच्या वाडग्यासमोर, पोकळ वाजतायत.

"म्हणजे तू जाळलंस, राख केलीस आणि राखेत विष निघालं," एक बाई म्हणाली. "मग राख नको खाऊ ना बाई."

हशा पिकला. ताएजे हसली नाही.

"तीन वर्षांपूर्वी फोन कुणी केला होता?" तिनं विचारलं. "खाणीच्या बाजूचीच आणा, दुसरी मिसळू नका, हे कोण म्हणालं? तार कापायला मी स्वतः गेले जिपार. पक्कड घेऊन. का, तर माझी पोरगी म्हणाली म्हणून. पाकिटावर तुझं नाव घातलं. या चाळीसजणींना मी सांगितलं, ही माझ्या बहिणीची मुलगी आहे, हिनं तपासलंय. आता येऊन सांगतेस विष आहे?"

"माझंच चुकलं, ताएजे. म्हणूनच आलेय."

"चुकलं म्हणे. मी इथे जन्मले, इथलंच खाल्लं-प्यायलं. मेले का?"

जिपारनं पिशवीतून एर्मेकचं यंत्र काढलं, बटण दाबलं आणि शाळेच्या ओसरीवर रचलेल्या पोत्यांपाशी नेलं. यंत्रानं आधी एक टिकटिक केली. मग दोन. पोत्याच्या तळाशी जिथे मातीची धूळ बसली होती तिथे धरलं तेव्हा तापलेल्या तव्यावर मोहरी तडतडावी तसं ते सलग वाजू लागलं.

बायकांना तो आवाज नवा होता. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

ओमोर जेझदे मात्र उठून उभे राहिले. भिंतीचा आधार न घेता. त्यांनी डोक्यावरची फेल्टची टोपी काढली आणि हातात धरली, मयताला उभं राहावं तसे.

"बंद कर ते," ते म्हणाले.

जिपारनं बंद केलं.

"आमच्या खाणीच्या फाटकावर असायचं ते," जेझदे थांबत थांबत बोलू लागले. "पाळी संपली की बुटांजवळ धरायचे. असं वाजलं की बूट तिथेच टाकून अनवाणी घरी जायचं." त्यांना खोकल्याची उबळ आली. "वरचा गाळ आम्हीच पुरला. वर दोन पुरुष उंचीची माती टाकली. सात वर्षांपूर्वी कडा घसरला ना? ती माती खाली गेली. मला तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं?" ताएजेचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही बोलला नाहीत? मी रोज सकाळी तुमच्या समोरून वर जात होते!"

"बोललो असतो तर कुठे गेलो असतो आपण, बुरुलचा?" ते म्हणाले आणि पुन्हा खाली बसले. "वाटलं, घसरलं ते एका कोपऱ्यात. वाटलं, गवतच तर आहे."

ताएजे क्षणभर नवऱ्याकडे, मग जिपारकडे बघत राहिली आणि एकदम वळली. अंगणाच्या टोकाला दूध आटवायची मोठी चूल धगधगत होती. तिनं सगळ्यांत जवळचं पोतं उचललं. साठी उलटलेली बाई, पण पोतं तिनं एका झटक्यात खांद्यावर घेतलं. "विष आहे ना? नको ना तुम्हाला कुणाला? घ्या मग!" आणि पोतं अख्खं चुलीत लोटलं.

"ताएजे, नको! जाळू नका!"

तेलानं भरलेली सुकी पानं. पोतं भडकन पेटलं. दाट पांढरा धूर उठला आणि वाऱ्याबरोबर अंगणात पसरला. इतका सुगंधी की दोघीतिघींनी नकळत खोल श्वास घेतला. जिपार धावली. "धुरातून बाहेर व्हा! श्वास घेऊ नका! वर चला, वाऱ्याच्या वर!" तिनं जळतं पोतं कोपऱ्याला धरून बाहेर ओढलं. हाताची कातडी भाजली, वास आला, पण सोडायचं तिला सुचलं नाही. कुणीतरी ताकाची बादली ओतली. धूर आणखी दाटला.

त्या धुरात शाळेच्या दारात मेरीम उभी होती. दोन्ही हात पोटावर आणि खोकत होती.

ताएजेनं तिला पाहिलं. पुढे काय झालं ते जिपारनं जन्मभर विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नव्हतं. क्षणापूर्वी पोतं पेटवणारी ती बाई दस्तरखान तुडवत, वाडगे उडवत धावली, डोक्यावरचा रुमाल ओढून तिनं सुनेच्या नाकातोंडावर दाबला आणि तिला जवळजवळ उचलून टेकाडाकडे, वाऱ्याच्या दिशेनं, ओढत नेलं. तिचे मोकळे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. वर पोचल्यावरही तिनं रुमाल काढला नाही. "श्वास घेऊ नकोस गं," ती म्हणत होती. "माझ्या राणी, श्वास घेऊ नकोस." मेरीमला रुमालाखाली गुदमरायला झालं तेव्हा कुठे तिनं हात सैल केला.

त्यानंतर ताएजेनं जिपारशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्या बायकांना बोलावलं. नाकाला ओले रुमाल बांधून त्यांनी पोती, अर्धवट जळालेली पानं आणि राख पुन्हा त्याच उतरणीवर नेली, खोल खड्डा खणला आणि सगळं त्यात पुरलं. जेझदे खाली बसून कुठे खणा, कुठे नको ते काठीनं दाखवत होते. कुणी गात नव्हतं. एक-दोघींनी जिपारकडे पाठ फिरवली आणि ती फिरवलेलीच ठेवली.

पण दोन ट्रक आधीच गेले होते. खुडणीच्या पहिल्या आठवड्यातला सगळा माल, संस्थेकडे, अर्कासाठी. जिपारनं कुबात सापारोविचना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तिनं मंत्रालयाला लिहिलं, आरोग्य खात्याला लिहिलं, एका वर्तमानपत्राला लिहिलं. पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. तिची नेमणूक संपुष्टात आली होती. सात नंबर असा नमुना संस्थेच्या नोंदीत कधीच नव्हता, असंही त्यात म्हटलं होतं. गालिना पेत्रोव्नांनी फोनवर सांगितलं, "पोत्यांवरचे नंबर पुसून सगळा माल एकत्र केलाय पोरी. आता कुठल्या गोळीत काय गेलंय, ते देवालाही सांगता यायचं नाही." मग त्या म्हणाल्या, "मी तुझी ताटली ठेवलीय. माझ्या घरी. झाकण लावून." आणि त्याच आठवड्यात त्यांनीही नोकरी सोडली.

जिपार परत गेली नाही. भाजलेला हात बरा होईपर्यंत ती ताएजेच्याच घरी राहिली आणि मग घरोघर फिरून पाणी, माती, दूध यांच्या बाटल्या भरू लागली. एर्मेक दर पंधरवड्याला येऊन त्या घेऊन जायचा, संस्थेच्या नोंदीत न घालता तपासायचा. गावाच्या मुख्य झऱ्याचं पाणीही बिघडलेलं निघालं, कारण तो झरा कडा घसरलेल्या बाजूनंच येत होता. पश्चिमेच्या दरीतला झरा तेवढा स्वच्छ होता. चालत दीड तास.

एक दिवस मेरीमनं तिला एकटीला गाठलं. हातात जुनी शाळेची वही होती.

"एजे, मी आठवून लिहिलंय," ती म्हणाली. "रोज सकाळी दोन, दुपारी एक, रात्री कधी कधी एक. मार्चपासून. मधे आजारी होते तेव्हा जास्त. हे बघा आणि सांगा, किती झालं? फार झालं का?"

जिपारनं वही घेतली. वर्गातल्या मुलीनं लिहावी तशी गोल, काळजीपूर्वक अक्षरं. किती पियाले म्हणजे फार, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"मला माहीत नाही, मेरीम."

"तुम्हीच तर तपासता ना?"

"तपासते. तरी माहीत नाही."

मेरीमनं वही परत घेतली आणि छातीशी धरली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटी तिला मुलगी झाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात, सरळ, वेळेवर. वजन ठीक, बोटं दहाच्या दहा, आवाज असा की शेजारच्या खोलीतून नर्स बघायला आली. ताएजेनं बाळ उलटंसुलटं करून पाहिलं, कानामागे पाहिलं, टाळूला हात लावला, मग जिपारच्या खांद्यावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडली. कादिर फोनवर सारखं विचारत होता, "सगळं ठीक आहे ना? ठीक आहे ना?" आणि त्याला सगळेजण ठीक आहे म्हणत होते.

बाळाचे केस आणि लघवीचा नमुना एर्मेकनं दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला. बर्फ पडायला लागलं होतं. टपालवाल्यानं पाकीट दिलं तेव्हा ताएजे दारातच गाढवावर रिकामे कॅन बांधत होती, पश्चिमेच्या झऱ्याला जायला. मेरीम बाळाला अंगावर पाजत आत बसली होती.

"उघड," ताएजे म्हणाली.

जिपारनं उघडलं. एका पानाचा तक्ता. डाव्या बाजूला धातूंची नावं, मधल्या रकान्यात आकडे, उजवीकडे सुरक्षित मर्यादा. तिनं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. आकडे शून्य नव्हते. मोठ्या माणसांची मर्यादा दिलेली होती, आकडे तिच्या जवळ, पण खाली. अर्भकांच्या मर्यादेच्या रकान्यात तिन्ही धातूंसमोर आडवी रेघ होती.

"काय लिहिलंय?" मेरीमनं आतून विचारलं.

आता पुन्हा एकदा काहीतरी चांगलं सांगून टाकावं, असं जिपारला वाटून गेलं. मग तिला तीन वर्षांपूर्वीचा तो फोन आठवला.

"तिच्या अंगात थोडं गेलंय," ती म्हणाली. "मोठ्या माणसात असतं तर मी घाबरू नका म्हणाले असते. एवढ्या लहान मुलात किती चालतं, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी रेघ मारलीय."

मेरीमनं मान खाली घातली. बाळ चुकचुक आवाज करत दूध पीत राहिलं.

"आणि दुधात?" तिनं विचारलं.

"उद्या दुधाचा नमुना घेऊ."

ताएजेनं गाढवाच्या पाठीवरची दोरी घट्ट ओढली, गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली. "परत कधी पाठवायचं?" तिनं विचारलं.

"दर तीन महिन्यांनी."

"किती वर्षं?"

जिपारनं तक्त्यातल्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. ताएजेनं ते पाहिलं, मग गाढवाला पुढे हाकललं आणि बर्फातून दरीची वाट धरली. थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि मागे न बघता ओरडली, "ए, तुझ्या बाटल्या घेऊन ये की बरोबर! त्या झऱ्याचं पाणीही दर वेळी बघायला हवं ना?"

जिपारनं तक्त्याची घडी करून मेरीमच्या वहीत ठेवली, बाटल्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि ताएजेच्या मागे निघाली.